जग शिकायला येईल, शिकवणार कोण?

१९७०च्या आसपासची गोष्ट. डॉ. शां. ब. मुजुमदार तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि वसतिगृहाचे रेक्टरही होते. एका मुलाच्या खोलीच्या खिडकीतून एक मुलगी काहीतरी आत देते आहे, हे त्यांना दिसले. त्या काळात असे दृश्य रेक्टरच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. चौकशी केल्यावर कळले ते वेगळेच. मुलगा मॉरिशसहून शिकायला आलेला, काविळीने अंथरुणाला खिळलेला. मुलांच्या वसतिगृहात मुलींना मज्जाव, म्हणून ती मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती. मुजुमदारांनी ही आठवण पुढे अनेकदा सांगितली आहे. परक्या देशातून आलेल्या मुलाची पुण्यात विचारपूस करणारे कोणी असावे, या जाणिवेतून २६ जानेवारी १९७१ रोजी सिंबायोसिसची सुरुवात झाली. आज विद्यापीठ म्हणून ओळखली जाणारी ही संस्था मुळात परदेशी विद्यार्थ्यांसाठीचे सांस्कृतिक केंद्र होती.

ही हकिकत पुण्यात अनेकांना ठाऊक आहे. तरीही आज ती पुन्हा सांगावीशी वाटते, कारण उच्च शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणाची भाषा सध्या फार जोरात आहे. नवे नियम, नवे अभ्यासक्रम, परदेशी विद्यार्थ्यांसाठी वाढीव जागा आणि परदेशी विद्यापीठांची भारतात येणारी संकुले यांतले काही ना काही रोज कानावर पडते. या धामधुमीत दोन साधे प्रश्न मागे पडतात. आलेल्या विद्यार्थ्याला शिकवणार कोण? आणि तो आजारी पडला तर त्याच्या दारावर थाप मारणार कोण? पदव्युत्तर शिक्षणाची आपली सगळी नवी रचना या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर उभी राहील किंवा कोसळेल.

नियमांचा पाऊस

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २९ जुलै २०२० रोजी जाहीर झाले. त्यानंतरच्या पाच वर्षांत विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, जेवढे नियम बदलले तेवढे आधीच्या कित्येक वर्षांत बदलले नव्हते. एम.फिल. बंद झाली. २०२१मध्ये क्रेडिट साठवण्याची राष्ट्रीय बँक आली. २०२२मध्ये एकाच वेळी दोन पदव्या करण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी पीएच.डी.चे नियम बदलले आणि चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेल्याला एम.ए.-एम.एस्सी. न करता थेट संशोधनाला बसता येऊ लागले. २०२३मध्ये परदेशी विद्यापीठांना भारतात संकुल उघडण्याची वाट मोकळी झाली. एप्रिल २०२५मध्ये दोन महत्त्वाच्या अधिसूचना निघाल्या. पहिलीने वर्षातून दोनदा, जुलै-ऑगस्टमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीत, प्रवेश देण्याची तरतूद केली. पदवीचा विषय कोणताही असला तरी प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्यास दुसऱ्या विषयात पदव्युत्तर प्रवेश घेण्याची सोयही तिनेच केली. दुसरीने परदेशी पदव्यांना समकक्षता देण्याची नवी पद्धत घालून दिली. हे काम वर्षानुवर्षे भारतीय विद्यापीठ संघाकडे होते, आता ते यूजीसीच्या व्यवस्थेकडे आले.

परदेशी विद्यार्थ्यांपुरता सर्वांत ठळक निर्णय २०२२चा. मंजूर जागांच्या वर २५ टक्क्यांपर्यंत जागा त्यांच्यासाठी वाढवण्याची परवानगी विद्यापीठांना मिळाली. या जागा अधिसंख्य आहेत. म्हणजे नाशिकच्या, नगरच्या किंवा नंदुरबारच्या मुलाची एकही जागा त्यांच्यामुळे जात नाही, आरक्षणालाही धक्का लागत नाही. पालकांच्या मनात ही शंका असते, म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे. मात्र अधिसंख्य जागेबरोबर अधिसंख्य प्राध्यापक येत नाही, प्रयोगशाळेतले टेबल येत नाही, वसतिगृहातली खोलीही येत नाही. ४० जणांच्या वर्गात दहा जण वाढले की शोधप्रबंध तपासणारे तेच दोन हात राहतात. कागदावर ही तरतूद बिनखर्चाची दिसते. खर्च वर्गात उतरतो.

आकडे काय सांगतात? उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०१४-१५मध्ये भारतात ४२,२९३ परदेशी विद्यार्थी शिकत होते. २०१९-२०मध्ये ते ४९,३४८ झाले आणि २०२१-२२मध्ये पुन्हा ४६,८७८वर आले. देशातल्या एकूण विद्यार्थिसंख्येत हे प्रमाण दर हजारी जेमतेम एक पडते. त्यांतही चौथ्या हिश्श्याहून अधिक विद्यार्थी एकट्या नेपाळचे. ‘स्टडी इन इंडिया’ हा केंद्र सरकारचा कार्यक्रम २०१८पासून चालू आहे, पण २०२१-२२पर्यंत तरी आकडा पन्नास हजारांच्या अलीकडेच घुटमळत राहिला. उलट दिशेचा प्रवाह मात्र प्रचंड आहे. २०२३-२४ या एकाच शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतले १,९६,५६७ पदव्युत्तर शिक्षण घेत होते. आपली मुले परदेशी जातात ती मुख्यतः एम.एस.साठी, एम.ए.साठी, पीएच.डी.साठी. आपल्याकडे येणाऱ्यांत मोठा वाटा पदवीच्या मुलांचा. पदव्युत्तर शिक्षणाच्या ताकदीवर जग ओढून आणण्यात आपण कमी पडलो आहोत, हे या दोन प्रवाहांची तुलना केली की लख्ख दिसते.

एम.ए.चे नवे गणित

महाराष्ट्राने पदव्युत्तर स्तरावर नवे धोरण २०२३-२४पासून लागू करायला सुरुवात केली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आता ८८ क्रेडिटचा, वर्षाला ४४. पहिल्या वर्षानंतर थांबायचे असेल तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. संशोधनपद्धतीचा विषय सर्वांना सक्तीचा झाला. प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला, ज्याला विद्यार्थी नुसते ‘ओजेटी’ म्हणतात, चार क्रेडिट मिळाली. संशोधन प्रकल्पही आता प्रत्येकाच्या वाट्याला आला.

यातला हेतू चांगला आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान अशा विषयांत एम.ए. करणाऱ्या मुलाला दोन वर्षांत एकदाही अभिलेखागाराची पायरी चढावी लागत नव्हती. आता त्याला संग्रहालयात, प्रकाशनसंस्थेत, वृत्तपत्राच्या कचेरीत किंवा एखाद्या स्वयंसेवी संस्थेत काम करून दाखवावे लागेल. पण प्रत्येक मुलाला अशी जागा शोधून देणे, त्याच्या कामावर लक्ष ठेवणे आणि मग त्याचा प्रकल्प नीट वाचणे, हे करणारी माणसे विभागात आहेत का? जिथे नाहीत तिथे ओजेटी हा शिक्का मारलेला कागद होऊन बसेल.

खरी गुंतागुंत पुढेच आहे. चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना एका वर्षात पदव्युत्तर पदवी मिळणार आहे. नव्या रचनेत दाखल झालेल्या पहिल्या तुकड्या २०२७ आणि २०२८मध्ये चौथे वर्ष पूर्ण करतील. तेव्हा एकाच विभागात तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांसाठी आलेले आणि चार वर्षांची घेऊन एका वर्षासाठी आलेले विद्यार्थी शेजारी शेजारी बसतील.

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न २०२७ची वाट पाहत नाही. काबूल, बगदाद किंवा तेहरानच्या विद्यापीठांतली पदवी पूर्वीपासून चार वर्षांची आहे. काठमांडूच्या त्रिभुवन विद्यापीठानेही चार वर्षांची पदवी स्वीकारली आहे. म्हणजे पुण्यात एम.ए.-एम.एस्सी.साठी येणाऱ्या परदेशी मुलांपैकी अनेकांच्या हाती येतानाच चार वर्षांची पदवी असते. त्यांना एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला बसवायचे की दोन? त्यांचे चौथे वर्ष आपल्या ‘ऑनर्स’शी जुळते का, हे कोण आणि किती दिवसांत ठरवणार? या मुलांपैकी अनेक जण शिष्यवृत्तीवर येतात आणि शिष्यवृत्तीला मुदत असते. एका वर्षाचा फरक म्हणजे एका कुटुंबाची सगळी बचत. हा निर्णय प्रत्येक अर्जाच्या वेळी नव्याने घेण्याऐवजी देशवार, विद्यापीठवार यादी आधीच प्रसिद्ध केली पाहिजे. हे काम किचकट आहे, पण अशक्य नाही.

पदविका घेऊन मध्येच बाहेर पडण्याच्या सोयीचेही तसेच. आपल्या मुलाला अडचणीच्या काळात ती आधार देते. परदेशी विद्यार्थ्याच्या मायदेशी मात्र त्या पदविकेला सरकारी नोकरीत किंमत आहे की नाही, हे त्याला प्रवेशाच्या दिवशीच कुणीतरी सांगायला हवे.

अभ्यासक्रम रुजायला वेळ लागतो

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ची. बॅ. मु. रा. जयकर हे पहिले कुलगुरू. गणेशखिंडीतल्या ४११ एकरांच्या आवारात, जिथे मुंबईच्या गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम असे, तिथे पदव्युत्तर विभाग उभे राहिले. त्यांतल्या काही विभागांचा इतिहास नव्या अभ्यासक्रमांच्या आजच्या घाईत उपयोगी पडण्यासारखा आहे.

जैवमाहितीशास्त्र हा शब्दही फारसा कुणाला ठाऊक नव्हता तेव्हा, १९८७मध्ये, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने विद्यापीठात त्याचे केंद्र सुरू झाले. आधी माहितीसाठे, संगणक आणि संशोधन करणारी माणसे आली, मग पदविका आली, त्यानंतर एम.एस्सी. उभी राहिली. त्याच वर्षी स्त्री-अभ्यास केंद्र सुरू झाले, पुढे त्याला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. ललित कला केंद्रही १९८७चेच. सतीश आळेकरांसारख्या नाटककाराने ते अनेक वर्षे चालवले आणि रंगभूमीवर कामाला आलेली एक पिढी तिथून बाहेर पडली. २००३मध्ये मॉडेलिंग आणि सिम्युलेशनचे केंद्र निघाले, तेव्हा गणित, भौतिकशास्त्र आणि संगणक यांच्या सीमेवर काम करणारे अध्यापक आवारातच होते. १९८८मध्ये जयंत नारळीकरांनी याच आवारात ‘आयुका’ उभारली आणि देशभरातल्या विद्यापीठांतील खगोलशास्त्राला घर मिळाले. या प्रत्येक ठिकाणी क्रम एकच होता. आधी माणूस, मग विषय, शेवटी माहितीपत्रक.

आता क्रम उलटा झाला आहे. आधी माहितीपत्रक निघते. कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स, सायबर सुरक्षा, शाश्वत विकास ही नावे घेऊन दर वर्षी नवे अभ्यासक्रम जाहीर होतात. विषय आवश्यकच आहेत. पण स्वयंअर्थसाहाय्यित तत्त्वावर, तासिकेच्या मानधनावर आलेल्या अध्यापकांच्या भरवशावर दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालतो, तेव्हा विद्यार्थ्याला व्याख्यान मिळते, मार्गदर्शक मिळत नाही. तासिका तत्त्वावरचा अध्यापक कष्टाळू असतो, बहुतेकदा नेट-सेट उत्तीर्ण असतो, पीएच.डी.ही असतो. पण पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही, हे त्याला माहीत नसते. त्याने दोन वर्षांच्या प्रबंधाची जबाबदारी कशी घ्यावी?

याचा परिणाम २०२५च्या राष्ट्रीय क्रमवारीत सर्वांसमोर आला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ सर्व संस्थांच्या यादीत एका वर्षात ३७व्या स्थानावरून ९१व्या स्थानावर घसरले. राज्य विद्यापीठांच्या यादीत ते तिसरे होते, ते अकरावे झाले. क्रमवारीच्या पद्धतींवर मतभेद असू शकतात. पण अध्यापकांच्या रिक्त जागा वर्षानुवर्षे भरल्या नाहीत तर विद्यार्थी-शिक्षक प्रमाण बिघडते, संशोधन आटते आणि मग गुण घटतात, यावर मतभेद होण्याचे कारण नाही. ढाक्यात किंवा नैरोबीत बसून विद्यापीठ निवडणारा विद्यार्थी आपला इतिहास वाचत नाही. तो आधी क्रमवारीतले स्थान पाहतो.

अर्जापासून नोंदणीपर्यंत

परदेशी विद्यार्थ्याच्या प्रवेशाची वाट कशी असते, हे आपल्याकडच्या पालकांना सहसा ठाऊक नसते. गणेशखिंडीतल्या विभागांत प्रवेशासाठी आपली मुले ऑनलाइन प्रवेशपरीक्षा देतात. परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय केंद्रातून जातो. काही जण भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर येतात. मौलाना आझादांनी १९५०मध्ये स्थापन केलेल्या या परिषदेचे प्रादेशिक कार्यालय पुण्यातही आहे. ती शुल्क भरते, निर्वाहभत्ता देते आणि घरभाड्याला हातभार लावते. बाकीचे स्वखर्चाने येतात आणि भारतीय विद्यार्थ्याच्या अनेक पट शुल्क भरतात.

प्रवेशाचे तात्पुरते पत्र मिळाले की व्हिसा. जानेवारी २०२५पासून ई-स्टुडंट व्हिसाची सोय झाली आहे, त्यासाठी ‘स्टडी इन इंडिया’च्या संकेतस्थळावर नोंदणी लागते. पुण्यात उतरल्यावर १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसाधारकाला १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. त्या नोंदीसाठी राहण्याचा पत्ता हवा, पत्त्यासाठी भाडेकरार हवा, भाडेकरारासाठी घरमालक तयार हवा, आणि घरमालकाला परदेशी भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. या साखळीत पहिल्याच आठवड्यात मुलाची दमछाक होते. वसतिगृहात खोली मिळाली तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. न मिळाल्यास कोंढवा, विमाननगर, बाणेर अशा भागांत देशबांधवांच्या ओळखीने घर शोधायचे. आफ्रिकेतल्या मुलांना घर मिळायला सर्वांत जास्त त्रास होतो. कातडीचा रंग पाहून ‘घर दिले गेले’ असे सांगितले जाते. स्वतःला विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहराला हे शोभत नाही.

त्यात शैक्षणिक कागदपत्रांची भर. मूळ गुणपत्रके फारसीत किंवा अरबीत, त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर, मग दूतावासाचा शिक्का, मग समकक्षता, मग विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र. एलिजिबिलिटी, बोनाफाईड, मायग्रेशन हे शब्द आपल्या मुलांनाही धडकी भरवतात. परक्या मुलाला त्यांचा अर्थ समजेपर्यंत पहिले सत्र अर्धे संपलेले असते.

वर्गातली भाषा ही आणखी एक अडचण. कागदावर माध्यम इंग्रजी असले तरी अध्यापक मराठी-हिंदीत उतरतात, कारण समोर बसलेल्या निम्म्या मुलांना तेच हवे असते. अकोले, सुरगाणा, श्रीगोंदा इथून आलेली, ‘कमवा आणि शिका’ योजनेत सकाळी बागेत काम करून मग वर्गात बसणारी ही मुले इंग्रजीला तितकीच बिचकतात जितकी इराकी किंवा येमेनी मुले. इंग्रजीच्या तयारीचा एकच चांगला वर्ग काढला तर सुरगाण्याच्या आणि येमेनमधल्या सनाच्या मुलाला तो सारखाच उपयोगी पडेल. परदेशी विद्यार्थ्यांसाठी केलेली सोय आणि ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी केलेली सोय एकच असू शकते. धोरण आखणाऱ्यांनी या दोन गटांना एकमेकांचे स्पर्धक मानू नये.

काबूलची मुले

ऑगस्ट २०२१मध्ये तालिबानने काबूल घेतले, तेव्हा पुण्यात अफगाण विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. करोनाच्या काळात मायदेशी गेलेले अनेक जण तिथेच अडकले. भारताने आधी दिलेले आणि अफगाणिस्तानात असलेल्यांकडचे व्हिसा रद्द झाले, नव्या आपत्कालीन ई-व्हिसाशिवाय परतण्याचा मार्ग उरला नाही. जे पुण्यात होते त्यांचे घरून येणारे पैसे थांबले. शिष्यवृत्ती संपत आलेल्यांना परत जाणेही शक्य नव्हते. पुण्यातल्या काही स्वयंसेवी संस्थांनी आणि प्राध्यापकांनी तेव्हा जेवणापासून शुल्कापर्यंत जमेल ती मदत केली.

डिसेंबर २०२२मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठाची दारे बंद केली. नोव्हेंबर २०२३मध्ये दिल्लीतल्या अफगाण दूतावासाने आपले काम कायमचे थांबवत असल्याचे जाहीर केले. अशा उलथापालथीत एखाद्या अफगाण मुलीने एम.एस्सी.साठी अर्ज केला तर तिच्या गुणपत्रकाची खातरजमा कुणाकडून करून घ्यायची? नियमाप्रमाणे कागद अपुरा ठरतो. पण नियमाचे काम विद्यार्थ्याला ओळखण्याचे आहे, त्याला नाकारण्याचे नव्हे. युरोपात निर्वासित विद्यार्थ्यांसाठी मुलाखत, परीक्षा आणि उपलब्ध पुरावे यांवरून पात्रता ठरवण्याची पद्धत प्रचलित आहे. पुणे विद्यापीठाला २०१४मध्ये सावित्रीबाईंचे नाव मिळाले. १८४८मध्ये याच शहरात मुलींची शाळा उघडणाऱ्या बाईंच्या नावाच्या विद्यापीठाने, कागद हरवलेल्या मुलींसाठी अशी पद्धत सर्वांत आधी सुरू करायला हवी. हे राज्याच्या आणि केंद्राच्या परवानगीशिवाय होणार नाही, पण प्रस्ताव विद्यापीठाकडून जाऊ शकतो.

अशा शिक्षणाचे फळ किती दूरवर जाते, याचे उदाहरण अफगाणिस्तानातूनच देता येते. हमीद करझाई सिमल्याच्या हिमाचल प्रदेश विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. झाले आणि पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. दोन वर्षे नीट वागवलेला विद्यार्थी आयुष्यभर त्या देशाचा मित्र राहतो.

मॉरिशसचे नाते तर आपल्या भाषेचेच आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांच्या वंशजांनी तिथे मराठी टिकवली. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे. तिथल्या मुलांनी मराठीत एम.ए. करायला पुण्या-मुंबईत येणे ही आपल्या भाषेसाठी अभिमानाची बाब आहे. मराठीला अभिजात दर्जा ऑक्टोबर २०२४मध्ये मिळाला. त्याचा पहिला उपयोग मॉरिशससह जगभरातल्या मराठी अभ्यासकांसाठी काही पूर्ण शिष्यवृत्त्या सुरू करण्याकडे व्हावा.

पदवीनंतर काय?

ब्रिटन पदव्युत्तर विद्यार्थ्याला शिक्षणानंतर काही काळ काम करू देते. अमेरिका वर्षभर, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांत एकूण तीन वर्षांपर्यंत काम करू देते. भारतात अशी सोय नाही. इथे शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्याला नोकरी करायची तर रोजगार व्हिसा लागतो आणि त्यासाठी, काही अपवाद सोडले तर, वर्षाला किमान १६.२५ लाख रुपयांचे वेतन असावे लागते. नुकत्याच एम.एस्सी. झालेल्या मुलाला हिंजवडीत एवढा पगार क्वचितच मिळतो. साहजिकच तो जातो. दोन वर्षे खर्चून आपण त्याला घडवतो आणि त्याच्या कौशल्याचा एक दिवसही उपयोग इथल्या उद्योगाला होत नाही.

त्यात ओजेटी सक्तीची झाल्यामुळे नवा पेच तयार झाला आहे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून घेतलेला कामाचा अनुभव आणि नोकरी यांतली रेषा व्हिसाच्या नियमांत कुठे पडते, हे परदेशी विद्यार्थ्याला आणि त्याला घेणाऱ्या कंपनीला लेखी कळले पाहिजे. ते कळले नाही तर कंपन्या अशा मुलांना घेणार नाहीत आणि चार क्रेडिटसाठी पदवी अडेल.

दरम्यान जगाचे नकाशे बदलत आहेत. जानेवारी २०२४मध्ये कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आणली. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेने एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. आफ्रिका, पश्चिम आशिया आणि दक्षिण-पूर्व आशियातली मुले आता दुसऱ्या देशांचा विचार करत आहेत. मलेशिया, तुर्कस्तान, चीन यांनी ती संधी आधीच ओळखली आहे.

परदेशी विद्यापीठेही दारात आली आहेत. जून २०२५मध्ये यॉर्क, ॲबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीतली डिझाइन संस्था आयईडी या पाच संस्थांना मुंबई-नवी मुंबईत संकुलांसाठी इरादापत्रे देण्यात आली. आपलीही पावले बाहेर पडली आहेत. पुणे विद्यापीठाचे केंद्र दोह्यात २०२१पासून आहे, सिंबायोसिस दुबईत पोचले, आयआयटी मद्रास झांझिबारला आणि आयआयटी दिल्ली अबू धाबीला गेली. नवी मुंबईतली संकुले चांगला पगार देऊन अध्यापक नेतील. ते अध्यापक येणार कुठून? ज्यांना राज्य विद्यापीठांनी दहा-दहा वर्षे तासिकेवर ठेवले, त्यांच्यातूनच. मग गणेशखिंडीत, मुंबईच्या विद्यानगरीत, छत्रपती संभाजीनगरात शिकवायला कोण उरेल?

करण्यासारखे

या सगळ्यावर उपाय शोधायला नवी समिती नको. पाच गोष्टी करता येतील आणि त्या राज्याच्या आणि विद्यापीठांच्या हातात आहेत, किंवा त्यांनी आग्रह धरल्यास केंद्राकडून होण्यासारख्या आहेत.

मंजूर पदे कायमस्वरूपी भरावीत आणि ती भरल्याशिवाय नव्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मान्यता देऊ नये. चार वर्षांच्या परदेशी पदव्यांची समकक्षता देशवार यादी करून दर वर्षी मार्चपूर्वी जाहीर करावी. परदेशी विद्यार्थ्याला पहिल्या सत्रापुरती तरी वसतिगृहात खोली द्यावी, म्हणजे पोलीस नोंदणीचा प्रश्न सुटेल आणि त्याच्या शेजारी सुरगाण्याचा मुलगा राहील. इथे पदव्युत्तर पदवी घेणाऱ्यांना किमान एक वर्ष काम करू द्यावे, असा प्रस्ताव महाराष्ट्राने केंद्राकडे पाठवावा. आणि परदेशी विद्यार्थ्यांकडून मिळणाऱ्या जादा शुल्काचा ठरावीक वाटा त्यांच्याच सोयींवर आणि इंग्रजीच्या सर्वांसाठीच्या वर्गावर खर्च व्हावा, त्याचा हिशेब दर वर्षी प्रसिद्ध व्हावा.

सहावी गोष्ट सरकारच्या हातात नाही, वाचकहो, तुमच्या हातात आहे. तुमच्या सोसायटीत रिकामा फ्लॅट असेल आणि सुदानचा किंवा येमेनचा एम.एस्सी.चा विद्यार्थी चौकशीला आला, तर त्याचे प्रवेशपत्र बघा, व्हिसा बघा, पोलिसांना रीतसर कळवा आणि घर द्या. कुठलेही परिपत्रक जे करू शकत नाही, ते एवढ्याने होईल.

पदे भरण्याचा निर्णय मात्र मंत्रालयातच व्हायला हवा, आणि तो पुढच्या जूनच्या आत व्हायला हवा.